पहिला तोटा कोणाचा?

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तर आत्ता वाचा, नाहीतर सेव्ह करून ठेवा. पण मृग तोंडावर आलाय, घरोघरी बियाण्याची पाकिटं यायला लागलीत, म्हणून आजच लिहितोय.

फेब्रुवारीत आपल्या भागातल्या एका कॉलेजात मला बोलायला बोलावलं होतं. विषय होता, नवं तंत्रज्ञान, नेतृत्व आणि पुस्तकांमधून मिळणारे धडे. मला बोलावलं कारण उद्योग-व्यवस्थापनाची पुस्तकं वाचायचा मला नाद आहे. नागपूरला पत्रकारितेची पदविका करत होतो तेव्हा बर्डीच्या फुटपाथवरून जुनी पुस्तकं आणायचो. तेव्हापासूनचा हा नाद. घरचे म्हणतात, "एवढी धंद्याची पुस्तकं वाचली, धंदा मात्र पेपरचाच केला."

तर मी तयारीनं गेलो. स्लाइडी केल्या. शेवटच्या स्लाइडवर अमेरिकेतल्या स्टार्टअपवाल्यांचा आवडता मंत्र टाकला : 'लवकर चुका, लवकर शिका.' एरिक रीस यांचं 'द लीन स्टार्टअप' हे २०११चं पुस्तक साधारण हेच सांगतं. वस्तू पूर्ण तयार व्हायची वाट बघू नका, छोटीशी बनवा, गिऱ्हाइकासमोर ठेवा, काय चुकलं ते मोजा, सुधारा, पुन्हा ठेवा. पोरं माना हलवत होती. मीही रंगात आलो होतो.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला. म्हणाला, "सर, एक विचारू का? आमच्या घरी कापूस सालातून एकदाच पिकते. मंग लवकर कसं चुकाचं?"

वर्ग हसला. मीही हसलो. "चांगला प्रश्न आहे," म्हणालो. उत्तर नसलं की वक्ते हेच म्हणतात. मग जिद्द, सकारात्मकता असं काहीबाही बोलून वेळ मारून नेली. टाळ्या झाल्या, शाल-श्रीफळ झालं. पण गाडीवरून घरी येताना तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

हिशेब करून बघा. जूनमध्ये पेरलं की पहिली वेचणी दसरा-दिवाळीच्या आसपास. म्हणजे एक प्रयोग, एक वर्ष. विसाव्या वर्षी शेती हातात घेतलेल्या माणसाला साठीपर्यंत चाळीस प्रयोग मिळतात. चाळीसच. सॉफ्टवेअर कंपनी सकाळी एक बदल करते, नाही जमला तर संध्याकाळी मागे घेते. तिची चूक गुंतवणूकदाराच्या पैशावर होते. आपल्याकडची चूक पीककर्जावर होते, सोसायटीच्या थकबाकीत जाते, पोरीच्या लग्नाची तारीख पुढं ढकलते.

म्हणजे पुस्तक खोटं आहे असं नाही. चुकण्याची किंमत ज्याला परवडते त्याच्यासाठी ते लिहिलंय, एवढंच.

घरी आल्यावर कपाटातून एव्हरेट रॉजर्स यांचं पुस्तक पुन्हा काढलं. 'डिफ्युजन ऑफ इनोव्हेशन्स', पहिली आवृत्ती १९६२. नवी गोष्ट समाजात कशी पसरते याचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला हे पुस्तक ओलांडून जावंच लागतं. त्यांनी लोकांचे पाच गट पाडले. सगळ्यात आधी उडी मारणारे अडीच टक्के, आणि सगळ्यात शेवटी येणारे सोळा टक्के. या शेवटच्यांना त्यांनी 'लॅगार्ड' म्हटलं, म्हणजे मागं रेंगाळणारे. आज कोणत्याही कंपनीच्या मार्केटिंगच्या मीटिंगमध्ये हा शब्द ऐकू येईल. आपले साहेब लोक त्याचं मराठी भाषांतर करतात : "शेतकरी ऐकतच नाही हो."

पण रॉजर्स स्वतः शेतकऱ्याचा पोरगा. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला, मक्याच्या मुलखातला. त्याच्या वडिलांना यंत्रांची हौस होती, पण मक्याचं संकरित बियाणं घ्यायला ते तयार होईनात. १९३६ साली दुष्काळ पडला. शेजाऱ्यांचा संकरित मका तग धरून उभा राहिला, रॉजर्सच्या वडिलांचं पीक सुकून गेलं. ज्याच्या घरात हे घडलं, त्यानं 'मागं रेंगाळणारे' हा शब्द रूढ केला.

आणि याच रॉजर्सनं पुढं आपल्याच शास्त्रातली दोन खोटं उघड मांडली. एक, नवं ते चांगलंच असं आपण आधीच धरून चालतो. दोन, नवं कोणी घेतलं नाही की दोष त्या माणसाला देतो. ज्या व्यवस्थेनं ते त्याच्यापर्यंत आणलं, तिला देत नाही. हे भाग स्लाइडीत कोणी टाकत नाही. मीही टाकले नव्हते.

आता आपल्याकडचं उदाहरण घ्या. बीटी कपाशीला देशात परवानगी मिळाली २००२ साली. २००६ पासून बोलगार्ड-२ आलं. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं एक छोटं पाकीट यायचं, आठवते का? बिगर-बीटी बियाण्याचं. ते धुऱ्याच्या कडेनं लावायचं होतं. उद्देश असा, की त्या झाडांवर साधी अळी जगेल, तिची पैदास सुरू राहील आणि बीटीला न जुमानणारी अळी एकटीच वाढणार नाही. कल्पना शास्त्राला धरून होती. आपण काय केलं? बहुतेकांनी ते पाकीट फेकून दिलं.

त्यावरून शेतकऱ्याला बोल लावणं सोपं आहे. पण त्याच्या बाजूनं बघा. तीन एकराच्या माणसाला आपण सांगत होतो की कडेच्या ओळी अळीला खाऊ घाल, म्हणजे दहा वर्षांनी सगळ्या मुलखाचं भलं होईल. फायदा सगळ्यांचा, तोटा त्याच्या एकट्याचा आणि तोही याच हंगामात. त्या ओळींची भरपाई देऊ, असं त्याला कोणी म्हटलं होतं का? २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं आपल्याकडची बोंडं पोखरून काढली. कारण हे एकच नव्हतं, फरदड होती, बेकायदा बियाणं होतं. पण ते छोटं पाकीटही त्यात होतं.

२०१७ म्हटलं की यवतमाळच्या माणसाला आणखी एक गोष्ट आठवते. आणि इथं मला माझं स्वतःचं सांगायचं आहे. इतक्या वर्षांत कुठं लिहिलं नाही.

त्याच्या आदल्या खरिपात मी एक बातमी केली होती. बातमी म्हणजे काय, छोट्या पेपरात कसं असते ते तुम्हाला माहीत आहे. जाहिरात आली की तिच्यासोबत चार कॉलमी 'वृत्त' द्यावं लागतं. एका कृषी केंद्रानं नवा पॉवर पंप आणला होता. मी प्रात्यक्षिकाला गेलो. केंद्रासमोर, डांबरी रस्त्यावर, पंपात साधं पाणी भरून फवारा मारून दाखवला. बारीक धुक्यासारखा तुषार, लांबवर जाणारा. पोरं त्या फवाऱ्याखाली भिजत होती. मी मथळा दिला : 'आता अर्ध्या वेळात फवारणी!' नवं तंत्रज्ञान बांधावर आलं वगैरे सगळं लिहिलं. खाली माझं नाव.

पुढच्या वर्षी काय झालं ते साऱ्या देशानं पाहिलं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१७. फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं. मी वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या वॉर्डात बातमीसाठी फिरत होतो. कोणाला दिसत नव्हतं, कोणाची उलटी थांबत नव्हती, काहींचे हात खाटेला बांधलेले, कारण बेशुद्धीत ते सलाइन ओढून काढत होते.

एका खाटेवर आमच्या बाजूच्या गावचा एक मजूर होता. मला ओळखायचा. डोळे किलकिले करून म्हणाला, "भाऊ, तुमीच हाय नं? आवाजावरून वळखलं. नीट दिसून नाई राह्यलं मले."

मी म्हटलं, "हो, मीच. आराम करा काका, बोलू नका."

"थ्या पंपाची बातमी तुमीच देल्ली होती नं? मालकानं कापून ठेवली होती. तुमी लिहिलं म्हून त्यानं घेतला."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. ओळखीचं माणूस भेटल्याचं बरं वाटत होतं त्याला. मी तिथून उठलो आणि बाहेर जाऊन पाणी प्यालो. तो वाचला. सात-आठ दिवसांनी नजर सुधारली, घरी गेला. मी तेव्हा बरंच लिहिलं. औषधांबद्दल, विक्रेत्यांबद्दल, यंत्रणेबद्दल. माझ्या चार कॉलमबद्दल एक ओळ लिहिली नाही.

दोष एकट्या पंपाचा नव्हता, हेही सांगायला पाहिजे. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा थेट तोंडावर येत होता. उकाडा, दमट हवा. दोन-तीन औषधं एकत्र करायची सवय. तोंडाला फडकं, हातात मोजे नाहीत. पण पंपाचा वाटा होता. बारीक आणि वेगानं निघणारा तुषार झाडावर पडायच्या आधी माणसाच्या आजूबाजूला तरंगत होता. रस्त्यावर साध्या पाण्यानं हे दिसणार नव्हतं. तिथं ना डोक्याएवढी पऱ्हाटी होती ना विष.

आणि माझ्या मथळ्यात जो 'अर्धा वेळ' होता ना, तो कोणाला मिळाला? आमच्याकडं बऱ्याच ठिकाणी फवारणीची मजुरी पंपावर असते. जितके पंप मारले तितके पैसे. म्हणून वाचलेल्या अर्ध्या वेळात तो माणूस घरी जाऊन झोपला नाही. तो दुसऱ्याच्या वावरात गेला. त्याच दिवशी, त्याच कपड्यांत. मी ज्याला बचत म्हणालो, तिनं त्याच्या अंगावर दुप्पट विष घातलं. हे गणित चौथीच्या पोराला जमलं असतं. मला जमलं नाही, कारण मी मालकाच्या बाजूनं मोजत होतो.

आता उलटी उदाहरणं. तीही आपल्याच माणसांची आहेत.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. १९०३ची गोष्ट. तेव्हा शेतकऱ्यांचा समज असा, की लोखंडानं जमिनीत विष पसरतं. पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली असं सांगतात. व्यवस्थापनाच्या व्याख्यानात ही गोष्ट चिकाटीचा नमुना म्हणून येते, शेतकऱ्याच्या अडाणीपणाला दोन टोमणे मारून. मला आता ती वेगळी दिसते. त्या दोन वर्षांचा तोटा कारखान्यात पडून राहिला, वावरात गेला नाही. न विकलेला नांगर लक्ष्मणरावांचा होता. नांगर रानात खरा ठरला तेव्हाच शेतकऱ्यानं पैसे मोकळे केले. पुढं १९१०मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. शेतकरी मागं रेंगाळणारा नव्हता. आधी बघून घेणारा होता.

दुसरं उदाहरण आपल्या पुसदचं. वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले तेव्हा राज्यात धान्याची टंचाई होती. १९६५मध्ये पुण्यात शनिवारवाड्यासमोर त्यांनी जाहीर सांगितलं, की दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फासावर द्या. संकरित ज्वारीचा प्रसार त्यांच्याच काळात झाला. म्हातारी माणसं अजून म्हणतात, त्या भाकरीला चव नव्हती. 'हायब्रीड' हा शब्द आपण नाजूक पोरांना चिडवायला वापरतो तो तिथूनच आला असावा. पुढं ७२च्या दुष्काळानं सगळी गणितं मोडली हेही खरं. पण आजच्या घोषणा आणि ती घोषणा यांत एक फरक आहे. आज म्हणतात, योजना फसली तर लाभार्थ्यानं नीट राबवली नाही. नाईकसाहेबांनी फासाचा दोर स्वतःच्या गळ्याला मोजून घेतला होता. नेतृत्वावरची वीस पुस्तकं वाचून मला जे कळलं नाही ते या एका वाक्यात आहे.

तिसरं उदाहरण जिवंत आहे, आपल्याच जिल्ह्यात. सुभाष शर्मा यांना २०२५मध्ये पद्मश्री मिळाली. नैसर्गिक शेतीसाठी. रासायनिक शेतीत आधी उत्पन्न वाढलं, मग खर्च चढत गेला आणि उत्पन्न खाली आलं, हा अनुभव त्यांनी स्वतः घेतला. मग मार्ग बदलला. माती, पाणी, झाडं यांच्यावर आपल्याच जमिनीत वर्षानुवर्षं काम केलं आणि नंतर इतरांना सांगितलं. कोणाला त्यांची पद्धत पटेल, कोणाला नाही. सगळ्यांकडं तेवढी जमीन आणि तेवढा दम नसतो हेही मान्य. पण क्रम बघा. आधी आपलं वावर, मग दुसऱ्याचं.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. हे मोबाइलवर बोटं आपटूनच लिहितोय. ड्रोनची फवारणी येतेय. केंद्रानं २०२३ साली पंधरा हजार महिला बचत गटांना ड्रोन द्यायची योजना मंजूर केली. राज्यानं २०२५मध्ये शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचं धोरण आणलं. मजुराच्या पाठीवरचं विष उतरत असेल तर ड्रोनचं मी हार घालून स्वागत करीन. फक्त त्याच्या पाठीवरच्या विषासोबत हातातली मजुरीही उतरणार, त्याचं काय, हे त्याच दिवशी विचारीन.

त्या वॉर्डातून आल्यापासून माझ्या टेबलाच्या काचेखाली तीन प्रश्न लिहून ठेवलेत. 'नवीन', 'अत्याधुनिक', 'क्रांतिकारी' असे शब्द असलेली बातमी आली की हे तीन प्रश्न विचारतो.

एक. प्रात्यक्षिक कुठं झालं? रस्त्यावर की वावरात?

दोन. वाचलेला वेळ आणि पैसा कोणाच्या खिशात जाणार?

तीन. फसलं तर पहिला तोटा कोणाचा? आणि हे कुठं लिहून दिलंय का?

तिसऱ्या प्रश्नाला आजवर बहुतेकांनी "तसं होणारच नाही" एवढंच उत्तर दिलंय. या प्रश्नांपायी काही जाहिराती गेल्या. पेपरच्या धंद्यात जाहिरात जाणं म्हणजे काय ते माझ्या घरी विचारा. पण खाली माझं नाव असते.

आता त्या पोराचं. शेवटी मी त्याचा नंबर मिळवून मार्चमध्ये फोन केला. म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी मला आलं नव्हतं, आता थोडं सुचलंय. आपल्याला लवकर चुकता येत नाही, पण लहान चुकता येते. अख्ख्या वावरात नवं करू नको. चार ओळी घे. कडेच्या नको, मधल्या घे, म्हणजे खरं काय ते कळेल. रॉजर्सच्या पुस्तकातही हेच आहे, जी गोष्ट थोडक्यात करून बघता येते ती लोक लवकर घेतात. आणि त्या चार ओळी बुडाल्या तर त्यांचे पैसे मी देतो.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "सर, बाबानं दोनच ओळी देल्या. आन् म्हणते, सरचे पैसे नको. पन दिवाळीत पाह्याले या म्हणा, वावरात."

जाणार आहे. तुमच्या गावात अशी नवी वस्तू आली असेल, पंप, बियाणं, ॲप, काहीही, तर ती फसली तेव्हा तोटा कोणी भरला ते खाली लिहा. आणि कोणी कंपनीवाल्यानं, साहेबानं, पुढाऱ्यानं स्वतःहून भरला असेल, तर ते आधी लिहा. ती बातमी मी पहिल्या पानावर देईन. जाहिरातीशिवाय.